तंबोरा बेसूर की कॉम्प्युटर?

मिरजेच्या सतारमेकर गल्लीतून तंबोरा नेणारे गिऱ्हाईक आज घरी मोबाइल किंवा लॅपटॉप समोर ठेवून रियाज करते. त्यातील सॉफ्टवेअर सूर मोजते. सूर जुळला तर हिरवी खूण, चुकला तर तांबडी. तांबडी खूण वारंवार दिसू लागली की पहिला संशय वाद्यावर, आणि ‘जवारी पुन्हा काढून द्या’ असा निरोप कारागिराकडे! कारागीर बंधूंनो, घोडीवर कानस फिरवण्यापूर्वी थोडे थांबा. घासलेली घोडी पुन्हा भरून येत नाही.

आपल्या सतार-तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ही अभिमानाची गोष्ट आहे. परंतु दारात उभ्या गिऱ्हाइकाचे त्या कागदाने समाधान होत नाही. यंत्राची खोड कुठे आहे हे त्याला दाखवून देता आले पाहिजे.

सर्वांत मोठा घोटाळा गंधाराचा. उत्तम जवारीच्या तंबोऱ्यात खर्जाच्या तारेतून गंधार आपोआप उमटतो, आणि गवई त्याच्याशी गळा मिळवतो. पुष्कळशी सॉफ्टवेअर मात्र हार्मोनियमच्या हिशेबाने चालतात. तेथे सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात आणि प्रत्येक भागाचे १०० सेंट धरतात. त्या मापाने गंधार ४०० सेंटवर येतो, तर तंबोऱ्याचा गंधार सुमारे ३८६ वर. हा १४ सेंटचा फरक सॉफ्टवेअरला चूक वाटतो. गवयाचा कान येथे खरा असतो! सॉफ्टवेअरमध्ये स्वरांतरे बदलण्याची सोय असल्यास ती वापरावी. नसल्यास फक्त षड्ज-पंचमापुरता त्यावर भरवसा ठेवावा.

दुसरी तक्रार अशी, की सॉफ्टवेअरचा तंबोरा आणि हातातला तंबोरा जुळतच नाहीत. पट्टी दोन्हीकडे काळी एक, तरी सॉफ्टवेअर चढे. ध्वनी सेकंदाला ४४,१०० नमुन्यांनी भरलेला असतो आणि साउंडकार्ड ४८,००० ने वाजवते, तेव्हा सूर सुमारे दीड स्वराने, म्हणजे हार्मोनियमच्या दीड पट्टीने, वर जातो. एरवी कॉम्प्युटर हा हिशेब स्वतःच जुळवतो. ड्रायव्हर जुना किंवा चुकीचा असला की गाडी घसरते. साउंडच्या सेटिंगमध्ये दोन्ही आकडे सारखे करावेत आणि ड्रायव्हर कंपनीकडूनच नवा घ्यावा.

खर्ज ऐकू येत नाही, ही तक्रार तर मोबाइलवाल्यांची नेहमीची. काळी एकच्या पुरुषी तंबोऱ्याचा खर्ज सेकंदाला सुमारे ६९ कंपनांचा. मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरमधून तो निघणार कसा? वायरचा चांगला हेडफोन लावून दाखवा, वाद संपतो. ब्लूटूथचा लावू नये. त्यात आवाज उशिरा पोहोचतो आणि तबल्याबरोबर रियाज करणाऱ्याची सम हुकते.

ऑनलाइन शिकवणीत तंबोरा मधूनच गडप होतो. कारण गमतीचे आहे. अशा कार्यक्रमांत पंख्याची घरघर काढून टाकणारी सोय असते, आणि एकसारखा गुंजणारा तंबोरा तिला पंख्याचाच भाऊ वाटतो. ती सोय बंद करून मूळ आवाज पाठवण्याची सेटिंग चालू करावी.

सॉफ्टवेअर बसवताना अडचण आली तर ते आपल्या विंडोजसाठी आहे का ते आधी पाहावे. बसले पण सूर पकडत नाही, तर बहुधा मायक्रोफोनची परवानगी दिलेली नसते. आवाजच येत नसेल तर तो दुसऱ्याच स्पीकरकडे, पुष्कळदा टीव्हीकडे, वळलेला असतो. फुकट मिळणारी चोरीची प्रत मात्र घेऊ नये. तिच्याबरोबर व्हायरस येतो, आणि त्याच कॉम्प्युटरवर दुकानाचा हिशेब असतो.

एवढे सर्व पाहूनही तक्रार उरली, तर सॉफ्टवेअर बंद करून तंबोरा साध्या स्वरपेटीशी मिळवून पाहावा. तिथेही तार बोलत नसेल, तर मग खुशाल कानस हाती घ्यावी.