इंजिन तापण्याचे कारण कसे ओळखावे?

अहिल्यानगर शहरातील सावेडी हे उपनगर मनमाड रस्त्यावर वसलेले आहे. राहुरीकडून शहरात येणाऱ्या वाहनांना येथील वर्दळीतून जावे लागते. मोकळ्या रस्त्यावर जिचा तापमानाचा काटा स्थिर राहिला, त्याच मोटारीचा काटा अशा वर्दळीत वर चढू लागला, तर तिच्या पंख्यात दोष असण्याचा संभव अधिक असतो.

याचे कारण सोपे आहे. इंजिनातील उष्णता शीतक द्रव रेडिएटरमध्ये नेतो व तेथे हवा ती काढून घेते. वाहन वेगात असता ही हवा समोरून आपोआप मिळते. उभ्या वाहनास मात्र सर्वस्वी पंख्यावर अवलंबून राहावे लागते.

काटा धोक्याच्या खुणेकडे जाताच वाहन कडेला घेऊन इंजिन बंद करावे. गरम रेडिएटरचे झाकण कदापि उघडू नये. हा भाग समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटर उंचीवर असल्याने येथे उघडे पाणी ९८ अंश सेल्सिअसच्या आसपास उकळते. बंद रेडिएटरमधील द्रव दाबामुळे १०० अंशांवरही उकळत नाही. पण झाकण निघताच तो एकदम उसळून तोंड व हात भाजतात. तापलेल्या इंजिनावर थंड पाणीही ओतू नये. त्याने धातूस तडा जाण्याची भीती असते.

इंजिन पूर्ण निवाल्यावर शीतकाची पातळी पाहून ती भरावी व नळ्यांतून गळती नाही ना, हे तपासावे. नंतर इंजिन सुरू करून वातानुकूलन यंत्र चालू करावे. बहुतेक मोटारींत त्यासरशी विजेचा पंखा फिरू लागतो. तो न फिरल्यास प्रथम फ्यूज, मग रिले व तारांचे जोड पाहावेत. कारागिराने बॅटरीचा प्रवाह थेट दिल्यावर पंखा फिरला, तर मोटर निर्दोष असून दोष फ्यूज, रिले, तारा किंवा तापमान जाणणाऱ्या भागात आहे असे समजावे. इंजिन बंद असतानाही हा पंखा अचानक सुरू होऊ शकतो, म्हणून त्याजवळ हात नेऊ नये.

अनेक ट्रॅक्टरांत पंखा पट्ट्याने फिरतो. तेथे इंजिन बंद करून पट्टा सैल अथवा चिरलेला आहे काय, ते पाहावे. मळणीच्या दिवसांत रेडिएटरच्या जाळीत भुसा अडकतो. तो इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेस हलक्या हाताने झाडावा.

पंखा ठीक असूनही चढावर किंवा ओढकामात इंजिन तापत असेल, तर रेडिएटर तुंबणे, थर्मोस्टॅट अडकणे अथवा पाण्याचा पंप बिघडणे ही कारणे तपासावीत. विहिरीच्या क्षारयुक्त पाण्याने नळ्यांत थर साचतो. म्हणून उत्पादकाने सांगितलेले शीतकच वापरावे. गळती न दिसता पातळी घटत असेल, अथवा इंजिनाचे तेल दुधाळ झाले असेल, तर हेड गॅस्केट फाटल्याचा संशय धरावा व वाहन चालवू नये.

ग्रामसेवकांनी अशा वेळी शेतकऱ्यास दोन प्रश्न अवश्य विचारावेत : इंजिन उभ्याने तापते की ओढकामात? आणि पंखा फिरतो काय? एवढे कळले तरी कारागिराचे काम निम्मे होते. तापलेले वाहन तसेच दामटल्यास मात्र साध्या फ्यूजपायी संपूर्ण इंजिन उघडण्याची पाळी येते.