दूरशिक्षणातले ‘दूर’ म्हणजे किती दूर?

वेरूळला जाणारा माणूस बहुधा थेट सोळाव्या क्रमांकाच्या लेण्याकडे, म्हणजे कैलासाकडे वळतो. पाचव्या क्रमांकाच्या बौद्ध लेण्यात फारसे कोणी रेंगाळत नाही. आत एक लांबलचक दालन आहे आणि त्याच्या जमिनीवर दगडातच कोरलेले दोन बुटके ओटे या टोकापासून त्या टोकापर्यंत समांतर गेलेले आहेत. हे ओटे भिक्षूंच्या भोजनासाठी होते की पठणासाठी, याविषयी अभ्यासकांचे एकमत नाही. पण तेथे बसणारे समोरासमोर बसत असणार, एवढे तर दिसतेच. शंका विचारणारा आणि तिचे उत्तर देणारा यांच्यात चार-दोन हातांचे अंतर.

या लेण्यांपासून पायी जाता येईल इतक्या अंतरावर राहणाऱ्या एक शिक्षिका काही वर्षांपूर्वी शिक्षणशास्त्रातील पदव्युत्तर पदवीसाठी दूरशिक्षणाने अभ्यास करीत होत्या. छत्रपती संभाजीनगरातील एका अभ्यासकेंद्रावर मी रविवारी ‘संशोधनपद्धती व संख्याशास्त्र’ हा विषय शिकवायला जात असे. माझे रोजचे काम प्रयोगशाळेतले, त्यामुळे मापन आणि त्यातील चुका हा माझ्या आवडीचा भाग. वेरूळ ते शहर हे अंतर सुमारे तीस किलोमीटर. खुलताबाद-दौलताबादवरून येणारी एसटी तासाभरात पोहोचवते. तरीही या बाई वर्षभरात तीनदाच येऊ शकल्या. त्यांच्या घरचे लेण्यांजवळ छोटे दुकान आहे. रविवार हा पर्यटकांच्या गर्दीचा दिवस, त्या दिवशी दुकानात दोन हात जास्त लागतात. लेणी बंद असतात मंगळवारी आणि मंगळवारी त्यांची शाळा असते. नोकरदारांच्या सोयीचे म्हणून रविवारचे संपर्कसत्र ठेवताना सगळ्यांचा रविवार मोकळा असतो, असे आपण गृहीत धरलेले असते!

बाईंना श्रावणात एक शंका पडली. प्रमाण विचलन काढताना विचलनांच्या वर्गांच्या बेरजेला निरीक्षणांच्या संख्येने न भागता, त्या संख्येतून एक वजा करून का भागायचे? पुस्तकात ‘नमुना लहान असल्यास एक वजा करावा’ एवढेच होते. दिवाळीच्या सुट्टीत त्यांनी स्वाध्याय पाठवला आणि त्याच्या समासात ही शंका लिहिली. स्वाध्याय तपासून त्यांच्या हाती आला तो मे महिन्यात, परीक्षा झाल्यावर. दहापैकी सात गुण आणि शेरा ‘ठीक’. तपासनीस मीच होतो. गठ्ठ्यातल्या शंभरावर वह्यांमध्ये ती समासातली ओळ मी वाचलीच नव्हती.

शंकेचे उत्तर तसे अवघड नाही. समजा, एका मुलाचे तीन चाचण्यांतील गुण ५, ७ आणि ९ आहेत. सरासरी ७. सरासरीपासूनची विचलने उणे २, शून्य आणि अधिक २. विचलनांची बेरीज नेहमी शून्य येते. त्यामुळे पहिली दोन विचलने कळली की तिसरे न पाहताच सांगता येते. म्हणजे तीन विचलनांत स्वतंत्र माहिती दोनच आहेत. शिवाय सरासरीही याच गुणांवरून काढलेली असल्यामुळे ती त्यांना खऱ्या सरासरीपेक्षा अंमळ जवळ पडते आणि वर्गांची बेरीज थोडी कमी भरते. तीनने भागले तर ८ भागिले ३, म्हणजे २.६७ येतात. दोनने भागले तर ४. एक वजा करून आपण ती तूट भरून काढतो. नमुना हजारांचा असेल तर एकाने फरक पडत नाही, म्हणून पुस्तकात ‘लहान नमुना’ असे म्हटलेले असते. समोरासमोर बसून हे सांगायला पाच मिनिटे लागतात. बाईंना त्यासाठी नऊ महिने थांबावे लागले आणि तेही त्या मे महिन्यात मुद्दाम मला भेटायला आल्या म्हणून. तोपर्यंत ‘एक वजा करणे ही परीक्षेपुरती रीत आहे’ अशी समजूत करून घेऊन त्या पुढची तीन प्रकरणे शिकल्या होत्या.

आता याची तुलना दुसऱ्या एका अंतराशी करून पाहा. शिक्षणासाठी भारताने ‘एज्युसॅट’ हा उपग्रह २० सप्टेंबर २००४ रोजी सोडला. २०१० पर्यंत तो कामात होता. असा भूस्थिर उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटरवर असतो. स्टुडिओतून निघालेला संदेश वर जाऊन वर्गात उतरेपर्यंत ७२,००० किलोमीटर प्रवास करतो. प्रकाशाचा वेग सेकंदाला तीन लाख किलोमीटर. म्हणजे विलंब पाव सेकंदाचा. ७२,००० किलोमीटरला पाव सेकंद आणि तीस किलोमीटरला नऊ महिने! दूरशिक्षणातले ‘दूर’ मोजायला मैलाचे दगड उपयोगाचे नाहीत, हे यावरून लक्षात येईल.

अमेरिकेतील शिक्षणतज्ज्ञ मायकेल मूर यांनी १९७०नंतरच्या दशकात हाच विचार मांडला. त्यांच्या मते अंतर भूगोलातले नसून समजुतीतले असते आणि ते तीन गोष्टींवर अवलंबून असते. शिकणारा आणि शिकवणारा यांच्यात संवाद किती, अभ्यासक्रमाची चौकट किती ताठर आणि विद्यार्थी स्वतःचा स्वतः किती चालू शकतो. संवाद कमी आणि चौकट ताठर असेल तर अंतर वाढते. या व्याख्येप्रमाणे ऐंशी मुलांच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसलेला, वर्षभरात एकही प्रश्न न विचारलेला विद्यार्थीही दूरशिक्षणच घेत असतो. आपल्यापैकी अनेकांना हे पटावे.

विलंबाने काय बिघडते हे समजायला न्हाणीघरातला गिझर पुरे. गिझर नळापासून लांब असला की नळ फिरवल्यावर अर्ध्या मिनिटाने पाणी बदलते. तेवढ्यात आपण धीर सोडून नळ आणखी फिरवतो आणि मग चटका बसतो. घाईने उलटा फिरवला की पाणी गार. आमच्या क्षेत्रात याला प्रतिभरणाचा विलंब म्हणतात. दुरुस्ती योग्य असूनही उशिरा आली तर यंत्रणा स्थिर होण्याऐवजी डोलू लागते. अभ्यासातही आत्मविश्वास असाच डोलतो. ‘सगळे येते आहे’ आणि ‘काहीच येत नाही’ या दोन टोकांमध्ये, एकट्याने.

दूरशिक्षणाचा इतिहास म्हणजे हा विलंब कमी करण्याच्या खटपटीचा इतिहास आहे, असे मला वाटते. लंडन विद्यापीठाने १८५८मध्ये बाहेरून अभ्यास करणाऱ्यांना परीक्षा खुल्या केल्या, तेव्हा फक्त परीक्षा होती, शिकवणे नव्हते. आपल्याकडे दिल्ली विद्यापीठाने १९६२मध्ये पत्रद्वारा पदवी-अभ्यासक्रम सुरू केला. पाठ टपालाने जात आणि उत्तरेही टपालाने येत. ब्रिटनचे मुक्त विद्यापीठ १९६९मध्ये स्थापन झाले आणि १९७१मध्ये तेथे पहिले विद्यार्थी शिकू लागले. त्यांनी टपालाला दूरदर्शन, रेडिओ, स्थानिक मार्गदर्शक आणि उन्हाळी शिबिरे यांची जोड दिली. भारतात आंध्र प्रदेशात १९८२मध्ये, राष्ट्रीय पातळीवर इग्नू १९८५मध्ये आणि नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९मध्ये आले. नाशिकच्या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू राम ताकवले हे मूळचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. आहेत त्याच महाविद्यालयांत अभ्यासकेंद्रे चालवायची, म्हणजे इमारती बांधत बसावे लागत नाही, ही या व्यवस्थेतली व्यवहार्य गोष्ट.

मुक्त विद्यापीठाचे पुस्तक नेहमीच्या पुस्तकासारखे दिसत नाही, हे आपण पाहिले असेल. घटकाच्या सुरुवातीला उद्दिष्टे, मध्येच चौकटीत प्रश्न, शेवटी त्यांची उत्तरे. स्वीडनचे बर्ये होल्मबर्ग यांची कल्पना अशी, की लेखकाने विद्यार्थ्याशी बोलत असल्यासारखे लिहावे आणि त्याला कोठे अडेल हे आधीच ओळखून तेथे थांबावे. चौकटीतला प्रश्न हे विलंब शून्यावर आणण्याचे साधन आहे, विद्यार्थी स्वतःची चूक तेथल्या तेथे पकडतो. अर्थात लेखकाला सुचलेल्या शंकाच त्यात असतात. बाईंची शंका त्याला सुचली नव्हती.

दुसरे साधन स्वाध्याय. इग्नूच्या पद्धतीत बहुतेक विषयांत स्वाध्यायाला ३० टक्के आणि सत्रान्त परीक्षेला ७० टक्के भार असतो. स्वाध्याय गुणांसाठी आहे, असे विद्यार्थी समजतात. आम्ही तपासनीसही तसेच वागतो. खरे तर तो दुतर्फा पत्रव्यवहार आहे. समासात तपासनीसाने काय लिहिले, यासाठी तो असतो. बस स्थानकाजवळच्या झेरॉक्सच्या दुकानांत ‘तयार स्वाध्याय’ विकत मिळतात, हे उघड गुपित आहे. त्याबद्दल विद्यार्थ्यांना दोष देण्याआधी, आपल्या ‘ठीक’ या शेऱ्याची किंमत किती होती, हे आपण विचारायला हवे. ज्या पत्राला उत्तर येत नाही ते स्वतःच्या अक्षरात कोण लिहील?

वेळेचा हिशेबही एकदा करून पाहण्याजोगा आहे. मुक्त शिक्षणात एक श्रेयांक म्हणजे सुमारे ३० तासांचा अभ्यास, त्यात वाचन, स्वाध्याय, संपर्कसत्र सगळे आले. ६४ श्रेयांकांची पदव्युत्तर पदवी म्हणजे १,९२० तास. दोन वर्षांत, म्हणजे १०४ आठवड्यांत हे बसवायचे तर आठवड्याला साडेअठरा तास हवेत. शाळा, दुकान आणि घर सांभाळून बाईंना रात्री रोज दीड तास मिळे, म्हणजे आठवड्याला साडेदहा. त्या गतीने १८३ आठवडे, साडेतीन वर्षे लागतात. असे अभ्यासक्रम पूर्ण करायला चार वर्षांपर्यंतची मुदत असते, ती यासाठीच. दोन वर्षांत झाले नाही म्हणून स्वतःला नापास समजून सोडून देणारे अनेक विद्यार्थी मी पाहिले आहेत. हा भागाकार त्यांना प्रवेशाच्या दिवशीच कोणी करून दाखवला पाहिजे.

विज्ञानाच्या पदव्युत्तर अभ्यासात अडचण आणखी एक, प्रयोगशाळा. ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाने सुरुवातीच्या काळात विद्यार्थ्यांना घरपोच प्रयोगपेट्या पाठवल्या. त्यांत मॅकआर्थर यांच्या आराखड्याचा हातात मावणारा प्लॅस्टिकचा सूक्ष्मदर्शकही होता. आपल्याकडे एखाद्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत एक-दोन आठवडे सलग प्रात्यक्षिके घेण्याची पद्धत आहे आणि त्यांना हजेरी सक्तीची असते. हा नियम मला योग्य वाटतो. द्रावणाचा रंग नेमका कोणत्या थेंबाला बदलला, हे वाचून कळत नाही. काही अभिमत विद्यापीठांनी आवश्यक मान्यतेविना दूरशिक्षणाने दिलेल्या अभियांत्रिकी पदव्यांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. नोव्हेंबर २०१७मध्ये न्यायालयाने त्या पदव्या स्वीकारल्या नाहीत, त्यामागेही हाताने करण्याच्या कामाचा मुद्दा होता. मात्र मान्यताप्राप्त संस्थेची दूरशिक्षणातून मिळालेली पदवी नेहमीच्या पदवीशी समतुल्य असते, हे विद्यापीठ अनुदान आयोगाने सप्टेंबर २०२२मध्ये पुन्हा स्पष्ट केले आहे. नोकरीच्या मुलाखतीत या पदवीकडे नाक मुरडणाऱ्यांना हे सांगावे लागते.

मोबाइल आल्यावर विलंब संपला, असे कोणी म्हणेल. ‘स्वयम्’ हे शासनाचे व्यासपीठ जुलै २०१७मध्ये सुरू झाले. व्याख्याने चित्रफितीवर मिळतात, शंकांसाठी चर्चेची सोय आहे. हार्वर्ड आणि एमआयटी यांच्या अशाच महाजालीय अभ्यासक्रमांची आकडेवारी २०१९मध्ये प्रसिद्ध झाली. २०१७-१८ मध्ये नाव नोंदवणाऱ्यांपैकी सुमारे ३ टक्क्यांनीच अभ्यासक्रम पुरा केला होता. पैसे भरून प्रमाणपत्रासाठी बसलेल्यांत हे प्रमाण ४६ टक्के होते. तंत्र दोघांना एकच मिळाले होते. चित्रफीत क्षणात पोहोचते, पण ती पाहणाऱ्याला पडलेली शंका परत पोहोचते का, हा प्रश्न उरतोच.

वेरूळच्या बाईंनी दुसऱ्या वर्षी स्वतःच एक तोड काढली. आसपासच्या गावांतले आणखी तीन विद्यार्थी त्यांना परीक्षाकेंद्रावर भेटले होते. मंगळवारी संध्याकाळी, शाळा सुटल्यावर, बंद दुकानाच्या ओट्यावर हे चौघे बसू लागले. प्रत्येकाने एक घटक वाचून यायचे आणि इतरांनी त्याला अडवायचे. चौघांनाही न सुटलेल्या शंका एका कागदावर लिहून महिन्यातून एकदा ज्याला शहरात यायला जमेल तो माझ्याकडे आणी. पहिल्या कागदावर अकरा शंका होत्या. चार महिन्यांनी तीन-चारच उरत, पण त्या मला घरी नेऊन विचार करायला लावणाऱ्या असत. मीही एक नियम केला. समासातली ओळ आधी वाचायची, उत्तर नंतर.

बाईंना पदवी मिळायला साडेतीन वर्षे लागली. शेवटच्या कागदावर त्यांची एक शंका होती : शाळेत येणाऱ्या मुलांच्या उंचीची सरासरी काढताना शाळेत न येणारी मुले नमुन्यातून सुटतात, ती तूट कशी भरून काढायची? त्यासाठी नुसता एक वजा करून भागत नाही. त्यावर आमचे अजून बोलणे चालू आहे.