वळू संपला की जात संपते

वर्धा जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातले हिंगणी हे गाव बोर धरणाकडे आणि बोर व्याघ्र प्रकल्पाकडे जाताना लागते. येथे येणारा पाहुणा वाघासाठी येतो. वाघ दुर्मीळ आहे, हे त्याला शाळेपासून पाठ असते. रस्त्यात गुरे आडवी आली की गाडीचा हॉर्न वाजतो, एवढेच. त्या गुरांत एखादी अस्सल गवळाऊ गाय असेल तर तीही दुर्मीळच, पण तिला पाहण्यासाठी कोणी तिकीट काढत नाही.

ओळखायची कशी? अंग पांढरेशुभ्र, बांधा सडपातळ आणि लांबट. चेहरा अरुंद, कपाळ किंचित फुगीर, डोळे बदामी. शिंगे आखूड, टोकाशी बोथट. वळूच्या मानेवर आणि वशिंडावर राखाडी झाक. आंध्रातल्या ओंगोल जातीशी तिचे साम्य आहे, पण गवळाऊ अंगाने हलकी आणि पायाने चपळ. मराठा फौजांच्या जलद वाहतुकीसाठी हेच बैल वापरात होते, असे पशुसंवर्धनाचे ग्रंथ सांगतात. आर्वी, आष्टी, कारंजा, सेलू या भागातल्या डोंगराळ पट्ट्यात नंद गवळी समाजाने ही जात पिढ्यानपिढ्या निवडून, पारखून घडवली. 1941-42 मध्ये जमनालाल बजाजांनी आयुष्याचे शेवटचे महिने वर्ध्यात गोसेवेला वाहिले, तेव्हा या भागाची गाय हीच होती.

मग ती जाते कुठे? माळढोक किंवा गिधाड कमी झाले की माळ किंवा आकाश ओस पडते आणि ते डोळ्यांना दिसते. गाईच्या जातीचे तसे होत नाही. गोठा भरलेलाच असतो. गवळाऊ गाईला जर्सी किंवा होल्स्टिनचे रेतन केले की कालवडीत गवळाऊचा वाटा निम्मा उरतो. तिला पुन्हा तेच रेतन केले की पाव, नंतर साडेबारा टक्के, चौथ्या पिढीत जेमतेम सहा. वीसेक वर्षांत गोठ्यातले एकही जनावर अकाली न मरता जात नाहीशी होते.

शेतकऱ्याला दोष देता येणार नाही. गवळाऊ एका वेतात सरासरी 600 किलोच्या आसपास दूध देते, संकरित गाय 2000 किलो सहज ओलांडते. गवळाऊची खरी किंमत बैलात होती. नांगर आणि बंडीची जागा ट्रॅक्टरने घेतली, तशी ती किंमतही गेली. ज्वारीच्या जागी सोयाबीन आले आणि कडबा आटला. सोयाबीनच्या कुटाराला त्याची सर नाही. बोर अभयारण्य 1970 चे, व्याघ्र प्रकल्प 2014 चा. वाघासाठी ते हवेच होते, पण त्यामुळे जंगलातली चराई आवळली. गावच्या आखरावर गुरे गोळा करून रानात नेणारा गायकीही आता सहज मिळत नाही.

या सगळ्यात सर्वांत आधी जातो तो वळू. दूध देत नाही, ओढकाम करत नाही आणि खातो मात्र भरपूर. तो पोसायचा कोणी? आनुवंशशास्त्राचे गणित नेमके इथे कठोर होते. एखाद्या जातीत 1000 गाई आणि 10 वळू असतील, तर आनुवंशिक वैविध्याच्या हिशेबात तो कळप 1010 जनावरांचा धरत नाहीत. नर आणि मादींच्या संख्यांचा गुणाकार करायचा, त्याची चौपट करायची आणि दोघांच्या बेरजेने भागायचे. उत्तर येते सुमारे 40. वळू दोनच उरले तर 8. हा आकडा 50 च्या खाली गेला की सगोत्र संकराचा धोका वाढतो, असे जागतिक अन्न व कृषी संघटना मानते. म्हणून नुसत्या गाई मोजून जात सुरक्षित आहे की नाही, हे कळत नाही.

याच संघटनेने 2007 मध्ये जगभरचा आढावा घेतला, तेव्हा आधीच्या काही वर्षांत पाळीव जनावरांची दरमहा सरासरी एक जात लोपल्याचे दिसले. गेलेली जात परत घडवायला मूळ रानटी पूर्वजही हाताशी नाही. युरोपातल्या रानगाईची शेवटची मादी 1627 मध्ये पोलंडच्या जंगलात मेली. आपल्या वशिंडाच्या गाईचा रानटी पूर्वज तर त्याआधीच संपला. नर्मदा खोऱ्यात त्याची जीवाश्मे तेवढी सापडतात.

गवळाऊची वेळ अजून गेलेली नाही. कारंजा तालुक्यात हेटीकुंडीला तिच्यासाठी सरकारी पैदास केंद्र आहे. उणे 196 अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये वीर्यकांड्या वर्षानुवर्षे टिकतात. पाव मिलिलिटरच्या एका कांडीत साधारण दोन कोटी शुक्राणू असतात. पण कांडीत जनुके राहतात, जनावर पारखणारी नजर राहत नाही. ती गवळ्याकडेच असते. शिवाय उन्हाळ्यात पारा 45 च्या पुढे जाणाऱ्या विदर्भात, थोड्या चाऱ्यावर तगणारी गाय उद्या अधिकच लागणार आहे.

महाराष्ट्रात 2015 पासून बैल आणि वळूंच्याही कत्तलीवर बंदी आहे. सप्टेंबर 2024 मध्ये शासनाने देशी गाईला ‘राज्यमाता-गोमाता’ म्हटले. कायद्याने जीव वाचतो, पदवीने मान मिळतो. जात वाचवायला मात्र पैदाशीची नोंद, चराईची जागा आणि वळू पोसण्याचा मोबदला लागतो. तो मोबदला थेट गवळ्याच्या हाती पडला पाहिजे. आणि ज्यांच्या दावणीला अजून गवळाऊ आहे, त्यांनी पुढच्या वेळी पशुवैद्यकीय दवाखान्यात गेल्यावर गवळाऊचीच कांडी मागावी. मागणीच नोंदली गेली नाही, तर पुरवठा बंद करायला फार काळ लागत नाही.