बैठकीतल्या कपाटाला दिवे लावण्याआधी

कापसाचे नाहीतर मक्याचे पैसे हाती आले, स्लॅबचे घर उभे राहिले, की घरातून पुढची मागणी येते ती बैठकीतल्या भिंतभर कपाटाची. छत्रपती संभाजीनगरला सोयऱ्यांच्या फ्लॅटमध्ये गेलेली मंडळी काचेच्या कप्प्यांतला तो मंद उजेड पाहून येतात आणि ‘आपल्याकडेही असेच करू’ असे ठरते. जरूर करावे. हौसेला मोल नसते. पण वाचकहो, या कामात सगळे काही क्रमावर अवलंबून आहे. सुतार आणि वायरमन यांची गाठ कपाट भिंतीला लागण्याआधी पडली पाहिजे. ती नंतर पडली, तर नवे प्लायवूड पोखरावे लागते, किंवा वायर दर्शनी भागावरून लोंबत ठेवावी लागते.

तसे पाहिले तर भिंतीत उजेड ठेवणे आपल्याला नवे नाही. माळवदाच्या घरांत पांढऱ्या मातीच्या हातभर जाड भिंती असत आणि त्यांत दिव्यासाठी दिवळी ठेवलेली असे. दिवळी कुठे असावी हे घर बांधतानाच ठरे. कणगी आणि कपडेलत्ते तिच्यापासून दूर असत. पुढे टीव्ही आले. पैठण रस्त्यावर चितेगावला व्हिडिओकॉनचा कारखाना होता, त्या दिवसांत शोकेसचा मधला कप्पा टीव्हीच्या पाठीच्या खोलीवरून ठरायचा. आता टीव्ही पाटीसारखा चपटा झाला आणि कपाटेही बदलली. मॉड्युलर म्हणतात ते कपाट म्हणजे कारखान्यात मापाने कापलेली सुटी खोकी. ती घरी आणून एकमेकांना जोडतात आणि भिंतीला कसतात. त्यांच्या पाठीमागे हात जात नाही, आणि खरी अडचण तिथेच आहे. (घर मातीच्या भिंतीचे असेल तर फास्टनरवर विसंबू नका. कपाट जमिनीवर उभे राहील असेच करून घ्या.)

पूर्वी शोकेसमध्ये हॅलोजनचे छोटे दिवे बसवत. ते इतके तापत की वरची फळी काळी पडे. एलईडीत तार तापवून उजेड काढायचा नसतो. अर्धवाहकाच्या कणातून वीज गेली की उजेड सरळच निघतो, म्हणून उष्णता फार कमी. पांढऱ्या उजेडासाठी आधी निळा एलईडी साधावा लागला. तो साधणाऱ्या आकासाकी, आमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ साली नोबेल मिळाले. २०१५ पासून उजाला योजनेतून एलईडी बल्ब घरोघर पोचले, ते तुम्ही वापरतच आहात. कपाटासाठी त्याच दिव्यांची पट्टी मिळते. पाच मीटरचे वेटोळे असते, आणि ते बहुधा १२ व्होल्टवर चालते.

आता हिशोब पाहा. मीटरभर लांबीचे तीन कप्पे असतील तर तीन मीटर पट्टी लागेल. साधी पट्टी मीटरला सुमारे ५ वॅट घेते, म्हणजे एकूण १५ वॅट. रोज चार तास लावली तरी महिन्याला दोन युनिटांच्या आतबाहेर वीज जाईल. बिलाची काळजी नको. पैसा वाचवायला जाऊ नये तो ड्रायव्हरवर. घरातल्या २३० व्होल्टचे १२ व्होल्ट करणारी जी डबी असते, ती म्हणजे ड्रायव्हर. १५ वॅटच्या पट्टीला १५ चाच ड्रायव्हर लावला की तो सतत पूर्ण भाराने तापत राहतो. २४ वॅटचा घ्या. त्यावर बीआयएसची खूण आणि कमीजास्त दाब सोसण्याची मर्यादा छापलेली आहे ना, ते पाहून घ्या. आपल्याकडे रब्बीत मोटारी सुरू झाल्या की दिवे पिवळे पडतात. त्याउलट, न्यूट्रल तुटला तर घरातल्या सिंगल फेजवर ४०० व्होल्टपर्यंत दाब चढू शकतो. शहरातल्या फ्लॅटमध्ये जे चालून जाते ते गावात चालेलच असे नाही.

सौरपॅनेलची १२ व्होल्टची बॅटरी घरात असेल तर पट्टी थेट तिलाच जोडण्याचा मोह होतो. बॅटरी भरत असताना तिचा दाब १४ व्होल्टच्या वर जातो, पट्टी तापते आणि लवकर विझते. मध्ये दाब स्थिर ठेवणारी डबी बसवावीच.

सुतार खोकी जोडायला लागला की वायरमनला तिथे उभे करा. प्रत्येक फळीच्या खालच्या अंगाला, पुढच्या कडेजवळ, अॅल्युमिनियमची पन्हळ बसेल एवढी खाच पाडून घ्या. पट्टी या पन्हळीतच बसवायची आणि वर दुधी झाकण लावायचे. नुसती चिकटवलेली पट्टी आपल्या वैशाखात आठ दिवसांत लोंबायला लागते. शिवाय पन्हळ तिची उष्णताही ओढून घेते. उजेड मागच्या भिंतीकडे वळलेला असावा, म्हणजे बसणाऱ्याच्या डोळ्यात जात नाही. पट्टी खुणेच्या रेघेवरच कापावी. वायर पाठीमागून पीव्हीसी पाइपातून न्यावी, कारण उंदराला मोकळी वायर फार आवडते. ड्रायव्हर मात्र खोक्याच्या पाठीत बंद करून टाकू नका. हात पोचेल आणि वारा लागेल अशा जागी ठेवा. तो दिवाबत्तीच्या बोर्डावरून स्वतंत्र स्विचवर घ्यावा, टीव्हीच्या एक्स्टेन्शनमधून नव्हे. घराला अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी नसेल तर आधी तो खर्च करा, दिवे पुढच्या हंगामात लावा.

रंगाबद्दल थोडेसे. डब्यावर ३००० के असा आकडा असेल तर उजेड समईसारखा पिवळसर, ६५०० के असेल तर ट्यूबसारखा पांढरा निळसर. बैठकीला पहिला बरा. रिमोटवर लाल, हिरवा, जांभळा होणारी पट्टीही मिळते. पाहुण्यांना आठवड्यानंतर ती जत्रेतल्या पाळण्यासारखी वाटू लागते, असे आमचे मत. ज्याची त्याची आवड.

आता एक गोष्ट शहरातला कोणी कारागीर तुम्हाला सांगणार नाही, कारण त्याच्या गिऱ्हाइकाकडे ती नसते. भाव वाढेपर्यंत आपण कापूस घरातच साठवतो, आणि पुष्कळ घरांत तो बैठकीतच असतो. भिंतीला छतापर्यंत रास लागते. सरकी काढायच्या आधीचा हा कापूस पेटायला एक ठिणगी पुरे, आणि त्याचे तंतू हवेत उडून ड्रायव्हरच्या फटीत, सैल स्क्रूच्या जोडावर जाऊन बसतात. पट्टी स्वतः आग लावण्याइतकी तापत नाही. धोका असतो तो २३० व्होल्टच्या बाजूच्या सैल जोडाचा आणि स्वस्त ड्रायव्हरचा. ज्या खोलीत कापूस ठेवायचा तिथे हे काम करूच नये. खोली एकच असेल तर ड्रायव्हर भिंतीपलीकडे, बंद पत्र्याच्या पेटीत घ्या, आणि कापूस घरात आहे तोवर त्या स्विचच्या मागचा एमसीबी उतरवून ठेवा. दोनतीन महिने कपाट अंधारात राहिले म्हणून काही बिघडत नाही.

कपाटात काय मांडायचे तेही पाहा. ग्रामपंचायतीचे मानपत्र, पोळ्याच्या बैलजोडीचे बक्षीस, पितळी भांडी खुशाल मांडा. पण आजीची पैठणी, हिमरू शाल किंवा वडिलांचा जुना फोटो रोजच्या उजेडाखाली नको. एलईडीत अतिनील किरण जवळजवळ नसतात हे खरे, तरी नुसत्या उजेडानेही रंग उडतात. अजिंठ्याच्या लेण्यांत चित्रे मंद उजेडात दाखवतात आणि फ्लॅश वापरू देत नाहीत, ते याच कारणाने. अशा वस्तू खालच्या, दिवा नसलेल्या कप्प्यात ठेवा, सणावारी बाहेर काढा.

काम झाल्यावर वायरमनला लगेच सोडू नका. दिवे दोन तास चालू ठेवायला सांगा. मग त्यालाच ड्रायव्हर तपासायला लावा, जोड पुन्हा कसून घ्या, आरसीसीबीचे टेस्ट बटण दाबून तो पडतो का ते पाहा. मजुरीचा शेवटचा हप्ता त्यानंतर द्यावा.