दाबाचा आकडा आणि मूत्रपिंडाची गाळणी

मंडळी, कळमनुरीच्या बाजाराला गेलो की आपण हळदीचा भाव विचारतो, बियाणे पाहतो. वाटेत औषधाच्या दुकानात रक्तदाब मोजून मिळत असेल, तर तोही मोजून घ्यावा. का, ते ऐका.

प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे १० लाख बारीक गाळण्या असतात. ठिबकच्या नळीत मोटारीचा दाब फाजील झाला की जोड सुटतात ना? तसाच रक्ताचा दाब वर्षानुवर्षे चढा राहिला, की या गाळण्या झिजतात. आणि दुखत-खुपत काहीच नाही! पायांवर सूज दिसते, तोवर बहुधा बरेच नुकसान झालेले असते.

मोजण्याचीही रीत आहे. आधी अर्धा तास चहा-तंबाखू नको. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून ५ मिनिटे गप्प बसावे. पट्टा उघड्या दंडावर, दंड काळजाच्या उंचीवर. मिनिटभराने पुन्हा मोजावे. वरचा आकडा १४० किंवा खालचा ९०, अथवा त्याहून जास्त आला, तर तारखेसह लिहून दवाखाना गाठावा. दुकानातच गोळी मागू नये.

डॉक्टरांना विचारावे, लघवीतले प्रथिन आणि रक्तातले क्रिएटिनिन तपासायचे का? गाळणी बिघडू लागली की प्रथिन लघवीत उतरते. ही खूण वेळीच सापडली, तर औषधाने आणि कमी मिठाने पुढची झीज रोखता येते. अंगदुखीच्या गोळ्या मात्र मनाने रोज घेऊ नयेत. त्यांनीही मूत्रपिंड बिघडते.

गुरुजी, एवढे वर्गात सांगाच. पोरे घरी जाऊन विचारतील, “आजोबा, तुमचा आकडा किती?”