बी. ए. नंतर: सिंधुदुर्गातील वाटा

पदवीचे स्वरूप

वैद्यकीय किंवा अभियांत्रिकी पदवीच्या नावातच व्यवसाय सांगितलेला असतो. कला शाखेच्या पदवीत तो नसतो. मराठी, इतिहास, राज्यशास्त्र, समाजशास्त्र यांपैकी कोणत्याही विषयातील बी. ए. मुळात दोन गोष्टी देते: ‘कोणत्याही शाखेचा पदवीधर’ ही पात्रता आणि वाचून, पडताळून, मुद्देसूद लिहिण्याची सवय. पहिली गुणपत्रिकेवर दिसते, दुसरी दिसत नाही. मालवणात ‘बी. ए. करून काय करतलस?’ हा प्रश्न ऐकू येतो, त्याचे मूळ या न दिसणाऱ्या अर्ध्या भागात आहे. सावंतवाडीचे श्री पंचम खेमराज महाविद्यालय, मालवणचे स. का. पाटील महाविद्यालय, वेंगुर्ल्याचे खर्डेकर महाविद्यालय, कणकवली महाविद्यालय ही सारी मुंबई विद्यापीठाला संलग्न आहेत. येथून बाहेर पडणाऱ्या पदवीधराला पदवीच्या जोडीला आणखी काहीतरी उभे करावे लागते: एखादी स्पर्धा परीक्षा, दुसरी अर्हता किंवा परिसराला लागणारे एखादे कौशल्य.

तीन वर्षे की चार

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार तीन वर्षांनंतर पदवी घेऊन थांबता येते किंवा चौथे वर्ष पूर्ण करून ‘ऑनर्स’ पदवी मिळवता येते. संलग्न महाविद्यालयांत हा आराखडा २०२४-२५ पासून लागू झाला. तीन वर्षांच्या पदवीनंतर एम. ए. दोन वर्षांचे, चार वर्षांच्या पदवीनंतर एका वर्षाचे. एकूण काळ सारखाच राहतो. बदलतो तो थांबण्याचा टप्पा. चार वर्षांच्या पदवीत ७५ टक्के गुण असल्यास एम. ए. न करताही नेट परीक्षा आणि पीएच. डी.चा मार्ग खुला होतो. मात्र लहान महाविद्यालयात प्रत्येक विषयाचे चौथे वर्ष उपलब्ध असेलच असे नाही.

केवळ पदवीवरच्या परीक्षा

राज्यसेवा, महसूल खात्यातील तलाठी पद (ज्याचे नाव आता ग्राम महसूल अधिकारी असे झाले आहे), बँकांतील लिपिक व अधिकारी आणि केंद्राच्या कर्मचारी निवड आयोगाची पदवीधर परीक्षा यांना कोणत्याही शाखेची पदवी चालते. यांत राज्यसेवेतील बदल कला शाखेच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. २०२५ पासून मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली. निबंध, सामान्य अध्ययनाच्या चार आणि वैकल्पिक विषयाच्या दोन अशा सात प्रश्नपत्रिकांचे प्रत्येकी २५० गुण, म्हणजे १,७५०, मुलाखतीचे २७५, एकूण २,०२५. मराठी आणि इंग्रजीच्या प्रश्नपत्रिका केवळ पात्रतेपुरत्या आहेत. वैकल्पिक विषयांत इतिहास, राज्यशास्त्र, समाजशास्त्र, मराठी साहित्य हे विषय असल्यामुळे बी. ए.चा अभ्यास येथे थेट गुणांत उतरतो. पर्याय निवडून वर्तुळ रंगवण्याच्या जुन्या पद्धतीत ही सोय नव्हती.

मर्यादा उघड आहे: जागा थोड्या, उमेदवार अफाट. चार-पाच वर्षे केवळ तयारीत गेली, तर अनुभवाचा रकाना रिकामा राहतो.

वयाचा क्रम

पर्यायांची मांडणी सहसा प्रतिष्ठेच्या क्रमाने केली जाते. दार कोणत्या वयात बंद होते त्या क्रमाने ती केली, तर चित्र वेगळे दिसते. खुल्या प्रवर्गासाठी बँक लिपिक परीक्षेची मर्यादा २८ वर्षे, नेट परीक्षेतून मिळणाऱ्या कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्तीची ३०, राज्यसेवेची ३८. राखीव प्रवर्गांना यांत सवलत मिळते. बी. एड., तीन वर्षांची एलएल. बी. आणि एम. ए. यांना अशी घाई नाही. तरीही प्रत्यक्षात बँकेची परीक्षा ‘नंतर बघू’ म्हणून मागे ठेवली जाते आणि एम. ए.ला प्रवेश केवळ प्रतीक्षागृहासारखा घेतला जातो.

अध्यापनाच्या दोन साखळ्या

शाळा आणि महाविद्यालय यांच्या अटी स्वतंत्र आहेत आणि त्यांची गल्लत वारंवार होते. शाळेसाठी पदवीला ५० टक्के गुण, प्रवेश परीक्षा, दोन वर्षांचे पूर्णवेळ बी. एड., आठवीपर्यंतच्या वर्गांसाठी शिक्षक पात्रता परीक्षा (टीईटी), त्यानंतर अभियोग्यता चाचणी (टेट) आणि पवित्र पोर्टलवरील निवड अशी साखळी आहे. महाविद्यालयासाठी एम. ए.ला ५५ टक्के आणि नेट किंवा सेट. महाराष्ट्र व गोव्यासाठीची सेट सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेते. या दोन साखळ्या एकाच ठिकाणी मिळतात, ते कनिष्ठ महाविद्यालयात: अकरावी-बारावीला शिकवण्यासाठी एम. ए. आणि बी. एड. दोन्ही लागतात. केवळ एम. ए. करून शाळेत अर्ज करणारा आणि केवळ बी. एड. करून बारावीचे वर्ग मागणारा, दोघेही एकेका कड्यापाशी अडतात.

सिंधुदुर्गात शाळांची पटसंख्या घटते आहे, त्यामुळे पदे कमी होतात. महाविद्यालयांत सेट उत्तीर्ण झालेलेही अनेक जण तासिका तत्त्वावर शिकवतात. तेथे मोबदला घेतलेल्या तासांचा मिळतो, महिन्याचा नाही.

दूरस्थ शिक्षण

नोकरी करताना एम. ए. करण्यासाठी नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ (स्थापना १९८९) आणि मुंबई विद्यापीठाचा १९७१ पासूनचा दूरस्थ विभाग हे जुने मार्ग आहेत. २०२२ पासून एकाच वेळी दोन अभ्यासक्रम करण्यास विद्यापीठ अनुदान आयोगाची परवानगी आहे. ग्रंथालयशास्त्रासारखी एक वर्षाची पदवी अशा जोडीत बसू शकते.

किल्ला, कातळशिल्प, मोडी

जिल्ह्याची स्वतःची सामग्री कला शाखेच्या विषयांशी जितकी जुळते तितकी इतर कोणत्याही शाखेशी जुळत नाही. मालवणच्या कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये बांधायला घेतलेला सिंधुदुर्ग आणि देवगड तालुक्यातील विजयदुर्ग हे दोन्ही किल्ले ११ जुलै २०२५ रोजी ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या बारा किल्ल्यांच्या समूहातून जागतिक वारसा यादीत आले. मालवण तालुक्यातील कुडोपीची कातळशिल्पे २०२२ पासून तात्पुरत्या यादीत आहेत. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाची चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्यांची परंपरा टिकून आहे. तेथील परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. या सगळ्याची नोंद करणे, नकाशे आणि माहितीफलक तयार करणे, पाहुण्याला ते नीट उलगडून सांगणे ही कामे इतिहास आणि समाजशास्त्राचीच आहेत. पुढील शिक्षणासाठी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वाचे एम. ए. आहे. मात्र वारसा यादीत नाव आल्याने पदे आपोआप निर्माण होत नाहीत. दोन्ही किल्ले भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या अखत्यारीत आहेत आणि तेथील भरती देशपातळीवर होते.

याहून कमी बोलले जाणारे, पण तातडीच्या मागणीचे कौशल्य म्हणजे मोडी वाचन. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंतचे जमिनीचे, खोतीचे, जन्ममृत्यूचे कितीतरी कागद मोडीत आहेत. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीमुळे कुणबी नोंदींचा शोध राज्यभर सुरू झाला, तेव्हा मोडी जाणणाऱ्यांची टंचाई एकाएकी दिसून आली. पुराभिलेख संचालनालय मोडीचे प्रशिक्षण वर्ग घेते. लिपी काही आठवड्यांत ओळखीची होते. हात बसायला मात्र शेकडो कागद वाचावे लागतात, कारण प्रत्येक कारकुनाचे वळण निराळे. हे काम कायम पगाराचे नाही, वकील आणि जमीनधारक यांच्याकडून सुटे येते.

हंगामी उत्पन्न

१९९७ मध्ये सिंधुदुर्ग हा देशातील पहिला पर्यटन जिल्हा घोषित झाला. तारकर्ली-मालवण पट्ट्यात निवास-न्याहारी, नौकानयन, मार्गदर्शन यांतून उत्पन्न मिळते. पावसाळ्यात किल्ल्याकडे जाणारी होडी आणि जलक्रीडा बंद राहतात. हे महिने अभ्यासाला मोकळे मिळतात. चाकरमानी होऊन मुंबईत खोली घेऊन तयारी करण्याच्या तुलनेत हा मार्ग स्वस्त आहे. वर्गाची आणि अभ्यास गटाची उणीव मात्र राहते.

गोव्याची सीमा

दोडामार्ग, सावंतवाडी, वेंगुर्ले येथून रोज कामासाठी गोव्यात जाणारे पुष्कळ आहेत. १९८५ मध्ये स्थापन झालेले गोवा विद्यापीठ दक्षिण सिंधुदुर्गाला मुंबईपेक्षा कितीतरी जवळ आहे आणि तेथे मराठीचा पदव्युत्तर विभागही आहे. मोपाचा विमानतळ २०२३ च्या आरंभी सुरू झाल्यापासून सीमेलगत सेवाक्षेत्रातील नोकऱ्या वाढल्या. सरकारी नोकरीचे गणित मात्र वेगळे: गोवा सरकारला सामान्यतः १५ वर्षांच्या वास्तव्याचा दाखला आणि कोकणीचे ज्ञान लागते. मालवणी बोलणाऱ्याला कोकणी समजायला फारसे कष्ट पडत नाहीत. अडतो तो वास्तव्याचा दाखला.