इंटरनेट नसतानाही चॅट: पॅकेट रेडिओ
२०१९चा सांगलीचा महापूर आठवा. अशा वेळी मोबाईलचे टॉवर बंद पडले, तर निरोप कसा द्यायचा? हॅम रेडिओवर चॅट सर्व्हर उभारता येतो.

आधी परीक्षा देऊन केंद्र सरकारचं लायसन्स काढा. मग लागतो १४४ मेगाहर्ट्झचा सेट, अँटेना, बॅटरी आणि जुना कॉम्प्युटर. डायरवुल्फ हे मोफत सॉफ्टवेअर मजकुराचा आवाज करून सेटला देतं, लिनबीपीक्यू चॅटरूम सांभाळतं.

आपली वाई डोंगरांच्या कुशीत, म्हणून सर्व्हर पाचगणीसारख्या उंच जागी ठेवा.

वेग सेकंदाला जेमतेम १,२०० बिट, चॅनेल सगळ्यांचं एकच. निरोप छोटा लिहा.

आणि हो, यावर धंद्याच्या ऑर्डरी घ्यायला कायद्याने बंदी आहे. ही सोय गावासाठी, गल्ल्यासाठी नाही!